गृहपाठाचा उमेदवार

जानेवारी संपत आला की नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवन गावच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे तिळगुळाचे फोटो ओसरतात आणि 'अडव्हीस'चा मोसम सुरू होतो. परवा या वर्षीचा पहिला मेसेज आला. "नमस्कार मंडळी, आमच्या ईशानला शाळेनं हावो म्हटलंय. आम्हाला तर व्हेवेओची खात्री होती. कुणी अनुभवी असेल तर प्लीज मार्गदर्शन करावं." खाली लगेच कुणीतरी माझं नाव टाकलं, सोबत एक हसरा चेहरा आणि एक केरसुणी. दोन वर्षं झाली, पण ही केरसुणी काही माझा पिच्छा सोडत नाही.

अडव्हीस म्हणजे सल्ला. इथं प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे पोर अकरा-बारा वर्षांचं असताना, वर्गशिक्षिका सांगते की याला पुढची कुठली शाळा योग्य. व्हेवेओ हा विद्यापीठाकडे जाणारा सरळ रस्ता. हावो त्याच्या शेजारचा, एक वर्षानं आखूड, प्रत्यक्ष कामाचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजांकडे वळणारा. आणखीही रस्ते आहेत, पण आमच्या ग्रुपवर त्यांची नावं कुणी घेत नाही, घरातल्या दुखण्याचं घेत नाहीत तसं. सल्ला या शब्दानं आम्हा सगळ्यांना गाफील ठेवलं. आपल्याकडे सल्ला ही मान डोलावून घ्यायची आणि जिना उतरताना विसरायची गोष्ट. इथला सल्ला पोराच्या आधी पुढच्या शाळेत पोचलेला असतो.

बाहेर आज पाऊस आहे म्हणायचं तर पडताना दिसत नाही, नाही म्हणायचं तर चष्मा ओला होतो. सायकलच्या तांबड्या रस्त्यावरून मुलं एका हातानं हँडल धरून, दुसऱ्या हातानं काहीतरी खात शाळेत चालली आहेत. यातली निम्मी आठव्या गटातली, प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाची असतील, म्हणजे दहा-बारा दिवसांत त्यांची ती मोठी परीक्षा. चेहऱ्यावरून सांगता येत नाही. मला या देशात येऊन चौदा वर्षं झाली, पण परीक्षेच्या मोसमाला भीतीचा वास नसणं अजून अंगवळणी पडत नाही.

आमच्या साताऱ्याच्या घरी मार्चमध्ये पाहुणे येत नसत. लग्नाची पत्रिका आली तर वडील आधी तारीख बघायचे, मग नाव. कुकरची दुसरी शिट्टी होऊ नये म्हणून आई ओट्याशी उभी राहून गॅस कमी-जास्त करायची. वरच्या मजल्यावरचे जोशीकाका, ज्यांना मूलबाळ नव्हतं, तेसुद्धा महिनाभर पावलं न वाजवता चालायचे. अख्खी इमारत माझ्या भूगोलासाठी श्वास धरून बसलेली असायची, आणि मी आत वहीत क्रिकेटचा धावफलक काढत असायचो. तरी मार्क मिळायचे. त्यामुळे हे सगळं श्वास धरण्यानं होतं, अशी माझी पक्की समजूत झाली. ती घेऊन मी इथं आलो.

आणि इथं, दोन वर्षांपूर्वी, रेवाच्या शाळेचं पत्र आलं. रेवा ही आमची एकुलती एक. पत्रात लिहिलं होतं, परीक्षेच्या आठवड्यात मुलांना पुरेशी झोप द्या, चांगला नाश्ता द्या, आणि कृपा करून घरी सराव घेऊ नका. मी ते तीनदा वाचलं. शेवटचं वाक्य माझ्या कच्च्या डचमुळे उलटं लागत असेल म्हणून अनघाला दाखवलं. अनघा, म्हणजे माझी बायको, इथल्या एका लॅबमध्ये कामाला आहे. तिचं डच माझ्यापेक्षा बरं.

"बरोबर वाचलंयस," ती म्हणाली. "घेऊ नका असंच लिहिलंय."

"असं कसं लिहितील?"

"विचार जाऊन."

मी विचारायला गेलो नाही. मी निवडणुकीला उभा राहिलो.

त्याचं असं झालं. डिसेंबरात रेवाच्या वर्गशिक्षिका, युफ इंगे (युफ म्हणजे आपल्या बाई), सहज बोलता बोलता म्हणाल्या होत्या की रेवासाठी त्यांना हावो योग्य वाटतं. त्याच सुमारास शाळेच्या परिषदेवरची एक आई हार्लेमला राहायला गेली आणि तिची जागा रिकामी झाली. ही परिषद म्हणजे निम्मे पालक, निम्मे शिक्षक. सुट्ट्यांपासून अभ्यासाच्या आराखड्यापर्यंत सगळ्यावर ती मत देते आणि मुख्याध्यापकांना ते ऐकावं लागतं. मी जाहीरपणे म्हणालो, शाळेतल्या सगळ्या मुलांची प्रगती व्हायला हवी. मनातल्या मनात मला एकाच मुलीची प्रगती अभिप्रेत होती.

"तू? निवडणुकीला?" अनघा म्हणाली. "पुण्यात सोसायटीच्या मीटिंगला तू गॅलरीत लपायचास."

"बाबा, नो," रेवा म्हणाली. "प्लीज. सगळे तुझा फोटो बघतील."

प्रत्येक उमेदवारानं फोटोसह एक पानाचं निवेदन द्यायचं होतं, ते शाळेच्या फाटकावर लागणार होतं. मी तीन संध्याकाळी खपून ते डचमध्ये लिहिलं. मुख्य मुद्दा एकच होता: या शाळेत गृहपाठ देत नाहीत, तो द्यायला हवा. आता डचमध्ये गृहपाठाला 'हाउसवेर्क' म्हणतात हे मला शब्दकोशात दिसलं होतं. पण कानाला ते थेट इंग्रजी हाउसवर्क लागलं, म्हणजे धुणीभांडी. म्हटलं, असल्या ठिकाणीच माणूस फसतो. शिवाय मराठी शाळेचा विद्यार्थी मी. घर हा बोलायचा शब्द आणि गृह हा लिहायचा, हे माझ्यावर पट्टीनं बिंबवलेलं. घरचा अभ्यास फळ्यावर गेला की गृहपाठ होतो. तसं त्या हाउसचंही काहीतरी भारदस्त रूप असणारच. मी ते शोधून काढलं: 'हाउसहाउडलिक'. एवढा लांब शब्द म्हणजे नक्कीच लिहायचा. तो मी वेर्कला जोडला आणि निवेदनात सहा ठिकाणी वापरला.

"बाबा, मी एकदा बघू का?" रेवा म्हणाली होती.

"तू तुझी गणितं कर," मी म्हणालो. घरात डच उत्तम येणारी एकच व्यक्ती होती, तिला मी अभ्यासाला बसवलं.

हो, सराव मी घेत होतोच. पत्र आलं त्याच दिवशी मी सरावाची दोन पुस्तकं मागवली होती. जेवणं साडेसहाला उरकायची, त्यानंतर अर्धा तास. खिडकीबाहेर अंधार, टेबलावर दिवा, रेवा, मी आणि शेकडेवारी. आकडे ती डचमध्ये पुटपुटायची. डचमध्ये बावीसला 'दोन आणि वीस' म्हणतात. आपल्या बावीसमध्येही बा आधी आणि वीस मागून. इंग्रजीला हे जमत नाही. मला वाटायचं, या दोन भाषांचं कुठंतरी जुनं नातं असणार, त्यामुळे माझ्या मुलीला गणित सोपं जात असणार. मी हे तिला सांगायचो. ती म्हणायची, "ओके, बाबा," आणि खोडत राहायची.

निवेदन लागलं आणि फाटकाशी माझी किंमत वाढली. ज्या आया मला चार वर्षं नुसती मान हलवून दाखवत, त्या थांबून बोलू लागल्या. एकीनं माझा हात हातात घेतला आणि "एकदाचं कुणीतरी बोललं" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. एक धिप्पाड बाप लांबूनच अंगठा दाखवून गेला. मी घरी येऊन अनघाला सांगितलं, "या लोकांना मुलांच्या अभ्यासाची पर्वा नाही असं आपण उगाच समजतो. आतून तेही आपल्यासारखेच आहेत." तीन उमेदवारांत मी पहिला आलो. मंडळाच्या ग्रुपवर गुलाल उधळला गेला. "साहेब, आम्हाला विसरू नका," असे मेसेज आले.

पहिल्या बैठकीला मी लॅपटॉप घेऊन गेलो. ऑफिसात यंत्र बिघडलं की आम्ही बिघाडाचं मूळ शोधतो; तसा मी मुलांच्या मागे पडण्याच्या मुळाचा तक्ता केला होता, चौदा पानांचा. परिषदेची अध्यक्ष मार्लूस नावाची उंच, मोकळ्या आवाजाची बाई. तिनं कॉफीबरोबर प्रत्येकाला एक बिस्किट दिलं, डबा बंद केला आणि म्हणाली, "तुझी कल्पना आम्हाला फार आवडली. कधीपासून सुरू करायचं? आणि झाडू शाळेनं द्यायचे की घरून आणायचे?"

मी म्हणालो, "झाडू?"

तिनं माझंच निवेदन माझ्यापुढे ठेवलं आणि सावकाश, इंग्रजीत, अर्थ सांगितला. प्रत्येक मुलानं रोज अर्धा तास घरकाम केलंच पाहिजे. घरकामाशिवाय प्रगती नाही. शनिवार-रविवारी जास्त घरकाम द्यावं. लहानपणी मी रोज दोन तास घरकाम करत असे, म्हणूनच आज मी इंजिनिअर आहे.

आता खरं सांगायला हवं होतं. सांगितलं. मग मार्लूस हसायला लागली, तिच्यामागे शिक्षक, आणि शेवटी मी, कारण एकट्यानं न हसता बसणं जास्त अवघड होतं. पुष्कळ वेळानं डोळे पुसत ती म्हणाली, "म्हणजे तुला गृहपाठ हवाय? अरे देवा. त्याला तुला कुणीच मत दिलं नसतं."

लॅपटॉप मी उघडला नाही. नव्या सदस्याला काहीतरी काम द्यायचं म्हणून त्यांनी मला उवांचं खातं दिलं. प्रत्येक सुट्टीनंतर पालकांनी शाळेत येऊन सगळ्या मुलांचे केस तपासायचे, ही इथली जुनी पद्धत.

घरी अनघा ओट्याला टेकून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "दोन तास घरकाम? थांब, आईंना फोन लावते साताऱ्याला, विचारते." मग म्हणाली, "बरं, लोकांनी मतं दिलीयत तुला. तो घे कुकर घासायला."

रेवा हसली नाही. "मला माहीत होतं काय लिहिलंय ते," ती म्हणाली. "फाटकावर वाचलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू खरंच तसं म्हणतोयस." मग म्हणाली, "मला आवडलं होतं."

त्याच आठवड्यात शाळेचा तात्पुरता सल्ला आला. हावो. परीक्षेत मुलाला जास्त मिळालं तर शाळा सल्ल्याचा फेरविचार करते, असा नियम आहे. मी तो नियम पाठ केला. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. रेवा एकदाही नाही म्हणाली नाही, आणि याचा मी चांगला अर्थ काढला.

परीक्षा झाली, आली तशी गेली. मग कार्निव्हलची सुट्टी. आमच्या या दक्षिण भागात त्या दिवसांत बँकेतला माणूससुद्धा कोंबड्याचा पोशाख करून रस्त्यावर येतो. सुट्टीनंतरच्या बुधवारी मी शाळेच्या ओवरीत खुर्ची टाकून, हातात बारीक दातांचा कंगवा घेऊन बसलो. सगळ्यांच्या केसांत अजून कार्निव्हलमध्ये उधळलेल्या कागदाच्या टिकल्या अडकलेल्या. पहिल्या चार मुलांच्या डोक्यात मी टिकल्यांनाच उवा समजून आरडाओरडा केला. हळूहळू हात बसला. अभ्यासाच्या नादात मी कुठल्या मुलाकडे इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं. मानेवरचे तीळ, जुनी खोक, कानामागे पेननं लिहिलेला आकडा. डोकी पुढे वाकवून मुलं आपोआप बोलू लागतात, न्हाव्याकडे मोठी माणसं बोलतात तशी.

सान्नेचे केस लांब आणि पिंगट होते. सान्ने ही रेवाची जिवाची मैत्रीण. तिनं खाली मान घालून विचारलं, "तुम्हाला उवा झाल्या होत्या कधी?"

"खूप," मी म्हणालो.

"रेवाचं पोट दुखतं, माहितीये ना? गणिताच्या आधी. ती टॉयलेटमध्ये जाऊन बसते. मी दाराबाहेर थांबते." मग घाईघाईनं, "मी सांगितलं असं सांगू नका हं."

नाही सांगणार, मी म्हणालो आणि तिच्या केसांत तोच भांग पुन्हा तीनदा पाडला. घरी येऊन मी काही बोललो नाही. परीक्षा तर झाली, आता पोट कशाला दुखेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते पटलंही. स्वतःला पटवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

मार्चच्या मध्यावर निकाल आला. रेवाचे गुण व्हेवेओचे होते. ऑफिसात मी दोघांना सांगितलं, मग तिसऱ्यालाही. युफ इंगेंनी आम्हाला फेरविचारासाठी बोलावलं. इथं अशा बोलण्याला मूलही बसतं. मी जाकिटाच्या आतल्या खिशात पाच मुद्द्यांची घडी घेऊन गेलो. लहान मुलांच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही तिघं गुडघे छातीशी घेऊन बसलो. युफ भरभर बोलतात, म्हणून रेवा मधे बसून मला हळूच मराठी-इंग्रजीत अर्थ सांगत होती. पालकसभेला ती नेहमीच सांगायची.

युफ म्हणाल्या की रेवाला हे सगळं येतं, याबद्दल त्यांना शंका कधीच नव्हती. पण हिवाळ्यापासून ती वर्गात हात वर करत नाही. एक उत्तर चारदा लिहिते, चारदा खोडते. खोडून खोडून कागद फाटतो. खोडरबर हा शब्द मला येत होता. फाटणं हाही.

रेवानं माझ्याकडे न बघता अर्थ सांगितला, "युफ म्हणतेय, माझं रायटिंग सुधारलंय."

मी अनघाकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. रेवाला मात्र आम्हाला कळलंय हे कळलं नव्हतं. ती सरळ पुढे बघत, हात मांडीखाली दाबून बसली होती. चौदा पानांचा तक्ता केला होता मी, बिघाडाचं मूळ शोधायला.

युफ म्हणाल्या, "तुम्ही म्हणत असाल तर मी सल्ला वर नेते. ती तिथं टिकेल. त्यासाठी तिला काय काय सोडावं लागेल, ते मला माहीत नाही." मग रेवाकडे वळल्या, "आणि तुला काय वाटतं?"

रेवा म्हणाली, "बाबा म्हणतील ते."

साताऱ्यात हे वाक्य ऐकून माझे वडील सुखावले असते. मीही सुखावायच्या बेतात होतो. पण डचमध्ये ते फार बारीक आवाजात आलं. मी खिशातली घडी बाहेर काढली नाही. गुरुवारपर्यंत कळवतो, एवढंच म्हणालो.

परतताना समोरून वारा होता. तिघांच्या सायकली एकामागे एक. सिग्नलला थांबलो तेव्हा अनघा म्हणाली, "बोला आता, उमेदवार."

मी रेवाला विचारलं, "तुला काय हवंय?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पुन्हा चुकीचा शब्द वापरलाय. मग दिवा हिरवा झाला. "नंतर सांगते," ती म्हणाली.

नंतर म्हणजे दोन दिवस. त्या दोन दिवसांत मी टेबलावरची सरावाची पुस्तकं उचलून कपाटात ठेवली, परत काढली, परत ठेवली. काही सुचवायचं नाही हे फार कष्टाचं काम आहे. "व्हेवेओवाल्यांना लॅटिनही शिकता येतं म्हणे," असं मी एकदा सहज भिंतीला सांगितलं, आणि अनघानं माझ्या हातात कुकर दिला.

परिषदेवरची माझी जागा रेवानं ती शाळा सोडली तेव्हाच गेली, पण मी शाळेत अजून जातो. चौदा पानांतलं एक पान शेवटी उपयोगी पडलं. घरी डच न बोलणारी मुलं गणितात अडखळतात ती गणितामुळे नव्हे, गणिताच्या लांबलचक वाक्यांमुळे, असं त्यात होतं. आता मंगळवारी शाळा सुटल्यावर सात-आठ मुलं मोठ्यानं ती वाक्यं वाचतात, मी नुसता बसतो आणि कुणी अडलं तर मीही अडतो. काहींना फरक पडला असं शिक्षक म्हणतात. फार मोठं काही नाही. उवांचं खातं अजून माझ्याकडेच आहे.

तर त्या बुधवारी संध्याकाळी मी कांदा चिरत होतो तेव्हा रेवा स्वयंपाकघरात आली. तिनं शाळेचा कागद ओट्यावर ठेवला, ओलं लागू नये म्हणून खाली वर्तमानपत्र सरकवलं. हावोपुढे खूण केलेली होती. पेननं. खाडाखोड नव्हती.

मी हात पुसले आणि सही केली.

"रागावलास?" तिनं मराठीत विचारलं.

"नाही."

"थोडा?"

"थोडा."

तिनं यावर विचार केला. "किती दिवस राहील?"

"शुक्रवारपर्यंत," मी म्हणालो.

"ओके. मग शनिवारी मला आणि सान्नेला पोहायला सोडशील?"

शुक्रवारी माझा राग गेला नव्हता. पुढे बरेच दिवस तो येऊन-जाऊन होता. शनिवारी मात्र मी त्यांना सोडलं, आणि वर काचेमागे कॉफी घेऊन बसलो. दोघी शेजारशेजारच्या पट्ट्यांत उतरल्या. अर्ध्यापर्यंत सान्ने पुढे होती. मग रेवानं तिला गाठलं, आणि मी नकळत खुर्चीच्या कडेला सरकलो. रेवा पुढे गेली नाही. मधेच थांबली, दोरीला लटकली, सान्नेही लटकली, आणि दोघी तोंडात पाणी घेऊन कशावर तरी हसत बसल्या. मागचे लोक वळसा घालून जात होते. मी कॉफी अर्धी संपेपर्यंत वाट पाहिली, त्या परत कधी निघतायत याची. मग लक्षात आलं की त्यांनी शर्यत लावलेलीच नव्हती.